बिल छापलं, की नुसतं पाठवलं? यूएसबी थर्मल प्रिंटरकडून उत्तर घेण्याची पद्धत

स्क्रीनवर 'बिल छापले' असं येतं तेव्हा प्रत्यक्षात एवढंच झालेलं असतं की आपण पाठवलेले बाइट ऑपरेटिंग सिस्टिमने ठेवून घेतले. रोल संपलेला असो, झाकण उघडं असो, कटर अडकलेला असो, संदेश तोच. मग गर्दीच्या वेळी काउंटरवरचा मुलगा तेच बटण पुन्हा दाबतो, कोणीतरी रोल बदलतो, आणि अडकून पडलेली बिलं एकामागोमाग बाहेर यायला लागतात. त्यातलं खरं कुठलं आणि दुबार कुठलं, हे मालकालाही सांगता येत नाही.

प्रिंटरला हे सगळं ठाऊक असतं आणि विचारलं तर तो सांगतो. बहुतेक बिलिंग सॉफ्टवेअर विचारतच नाहीत, कारण स्पूलरकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या छपाई-रांगेकडे) फाइल ढकलून मोकळं होणं सोपं असतं. हा लेख जे स्वतः बिलिंगचा प्रोग्राम लिहितात किंवा सांभाळतात त्यांच्यासाठी आहे. प्रिंटर ईएससी-पॉस आज्ञावली समजणारा आहे असं धरलंय. ही आज्ञावली एपसनने रूढ केली आणि बाजारातले बहुतेक ५८ आणि ८० मिलिमीटरचे थर्मल प्रिंटर ती कमी-अधिक प्रमाणात पाळतात. या 'कमी-अधिक'कडे पुन्हा येऊच. खाली सगळे बाइट दशमान आकड्यांत दिले आहेत.

पायरी १: प्रिंटरला तोंड आहे का?

यूएसबीमध्ये प्रिंटरचा वर्ग क्रमांक ७ आणि उपवर्ग १ असतो. त्यानंतर प्रोटोकॉलचा आकडा येतो: १ म्हणजे एकतर्फी, २ म्हणजे दुतर्फा, आणि ३ म्हणजे आयईईई १२८४.४ पद्धतीचा दुतर्फा. लिनक्सवर एलएसयूएसबी ही आज्ञा सविस्तर पर्यायासह चालवली की हे आकडे दिसतात. विंडोजवर यूएसबीची माहिती दाखवणारं कुठलंही छोटं साधन चालेल. प्रोटोकॉल २ आणि एंडपॉइंटच्या (यूएसबीवरच्या डेटाच्या दारांच्या) यादीत एक बल्क आउट (प्रिंटरकडे जाणारा), एक बल्क इन (प्रिंटरकडून येणारा) दिसला, तर पुढे वाचण्यात अर्थ आहे. नुसता आउट असेल तर हा प्रिंटर फक्त ऐकतो. त्यातल्या त्यात कंट्रोल मार्गाने, म्हणजे प्रत्येक यूएसबी उपकरणाला असणाऱ्या मूळ वाटेने, जे कळेल तेवढंच.

एंडपॉइंटचे क्रमांक प्रोग्राममध्ये पक्के लिहून ठेवू नका. एका मॉडेलला आउट १ आणि इन २ असतो, दुसऱ्याला आउट ३ आणि इन १. डिस्क्रिप्टर (उपकरणाने स्वतःबद्दल दिलेली माहिती) वाचून दिशा बघा आणि तिथून क्रमांक घ्या.

कंट्रोल मार्गाने दोन गोष्टी विचारता येतात. विनंती क्रमांक ० ने प्रिंटरची ओळख येते: पहिल्या दोन बाइटांत एकूण लांबी (हे दोन बाइट धरून, मोठा बाइट आधी), मग उत्पादक, आज्ञावली आणि मॉडेल यांची अर्धविरामांनी तोडलेली ओळ. विनंती क्रमांक १ ने एका बाइटात पोर्टची स्थिती येते. सगळं ठीक असेल तर २४, आणि कागद नसेल तर त्यात ३२ मिळवलेले. मात्र या २४ वर विसंबू नका. स्वस्त बोर्डांवर हा आकडा कारखान्यातच ठोकून दिलेला असू शकतो, मग कागद काढून घेतला तरी तो २४च सांगत राहतो. खात्री करायला मिनिटही लागत नाही: रोल काढा आणि पुन्हा विचारा.

इथे यूएसबीचा एक स्वभाव लक्षात ठेवायला हवा. यूएसबी उपकरण आपणहून कधीच बोलत नाही. यजमान, म्हणजे तुमचा कॉम्प्युटर, इन एंडपॉइंटवर मागणी टाकतो तेव्हाच प्रिंटर आपलं म्हणणं त्या वाटेने सोडतो. तुम्ही वाचत नसाल तर उत्तर प्रिंटरच्या आत पडून राहतं आणि पुढच्या वेळी वाचायला गेलात की मागच्या प्रश्नाचं शिळं उत्तर हातात येतं. 'प्रिंटर कधीकधी चुकीचं सांगतो' अशी तक्रार आली की आधी हे तपासा.

पायरी २: वाट मोकळी करणे

लिनक्सवर काम सोपं आहे. यूएसबीएलपी हा कर्नलमधला ड्रायव्हर डेव्ह फोल्डरखाली यूएसबीमध्ये एलपी० नावाची फाइल देतो. ती वाचण्या-लिहिण्यासाठी एकदाच उघडा. लिहिलं की प्रिंटरकडे जातं, वाचलं की प्रिंटरकडून येतं. परवानगीसाठी वापरकर्ता एलपी गटात हवा. ही फाइल एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो, दुसऱ्याला 'व्यस्त' असं उत्तर मिळतं. दुसरा मार्ग लिबयूएसबीचा: कर्नल ड्रायव्हर बाजूला करायचा, इंटरफेसवर हक्क सांगायचा आणि थेट एंडपॉइंटशी बोलायचं. पायथनमध्ये पाययूएसबी हेच करतं. कप्स (लिनक्सची छपाई-व्यवस्था) चालू असेल आणि तिथेही तोच प्रिंटर जोडलेला असेल तर दोघांत ओढाताण होणार. त्या प्रिंटरची कप्समधली रांग काढून टाका.

विंडोजवर मात्र डोकं लावावं लागतं. स्पूलरमार्फत पाठवलेल्या छपाईला परतीची वाट जवळपास नसते. वाचण्याचं फंक्शन आहे, पण ड्रायव्हरसोबत दुतर्फा लँग्वेज मॉनिटर (प्रिंटरची उत्तरं स्पूलरपर्यंत आणणारा भाग) नसेल तर त्यातून काही येत नाही. नेटवर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे झॅडिग हे ड्रायव्हर बदलणारं साधन वापरून प्रिंटरला विनयूएसबी ड्रायव्हर लावा. त्याने संवाद सुरू होतो हे खरं. पण प्रिंटर विंडोजच्या प्रिंटर-यादीतून गायब होतो, आणि त्याच प्रिंटरवर दुकानदार टॅलीचे व्हाउचर काढत असेल तर संध्याकाळी तुम्हाला फोन येणार. प्रिंटर फक्त तुमच्या प्रोग्रामचा असेल तरच हा मार्ग घ्या.

एरवी मला बरा वाटतो तो मधला मार्ग: विंडोजचा मूळ यूएसबीप्रिंट ड्रायव्हर तसाच ठेवायचा, त्याच्या डिव्हाइस इंटरफेसचा पाथ सेटअप एपीआयने शोधायचा आणि तो फाइलसारखा उघडायचा. वाचन आणि लेखन दोन्हींना शेअर परवानगी द्या, आणि ओव्हरलॅप्ड (उत्तरासाठी न अडकणाऱ्या) पद्धतीने उघडा, नाहीतर न येणाऱ्या उत्तराची वाट बघत प्रोग्राम तिथेच गोठेल. प्रिंटर यादीत राहतो आणि तुम्हाला परतीची वाटही मिळते. फक्त तुमचं बिल आणि दुसऱ्या प्रोग्रामची छपाई एकाच क्षणी सुटली तर बाइट मिसळू शकतात. काही मॉडेलना व्हर्च्युअल कॉम पोर्टची सोय असते. ती असेल तर सगळ्यांत कमी कटकट तिथेच.

अँड्रॉइड टॅबवर यूएसबी होस्टची परवानगी मागितली की दोन्ही दिशांचे बल्क ट्रान्सफर थेट करता येतात. त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

कुठलीही सिस्टिम असो, प्रिंटर एकाच छोट्या सेवेच्या ताब्यात द्या. त्या सेवेत एक थ्रेड सतत वाचत राहील आणि दुसरा लिहील. बाकीचे प्रोग्राम त्या सेवेकडे काम देतील.

पायरी ३: पहिला प्रश्न

डीएलई ईओटी ही आज्ञा म्हणजे तीन बाइट: १६, ४ आणि प्रश्नाचा क्रमांक. बफरमध्ये (प्रिंटरच्या तात्पुरत्या साठ्यात) आधीचा मजकूर छापायचा बाकी असला तरी प्रिंटर हिला रांग सोडून उत्तर देतो. उत्तर एका बाइटाचं असतं, आणि त्यात २ व १६ किमतीचे बिट कायम चालू असतात. म्हणून 'सगळं ठीक' याचा आकडा १८. बाकीची माहिती त्यात मिळवलेली येते.

१६ ४ १: तयार आहेस का? ८ मिळाले (२६ आले) तर ऑफलाइन. ४ हे गल्ल्याच्या सेन्सरचं.

१६ ४ २: ऑफलाइन कशामुळे? ४ म्हणजे झाकण उघडं, ८ म्हणजे कागद सरकवायचं बटण दाबलेलं, ३२ म्हणजे कागद संपल्याने छपाई थांबलेली, ६४ म्हणजे बिघाड.

१६ ४ ३: बिघाड कसला? ८ म्हणजे कटर, ३२ म्हणजे दुरुस्तीला पाठवायचं काम, ६४ म्हणजे आपोआप सुटणारा, बहुधा हेड तापलेलं.

१६ ४ ४: कागद? १२ म्हणजे रोल संपत आलाय, ९६ म्हणजे संपला.

म्हणजे झाकण उघडून दुसरा प्रश्न विचारला की २२ यायला हवं, आणि रोल काढून चौथा विचारला की ११४, किंवा 'संपत आलाय'चा सेन्सर असेल तर १२६. हे तुमच्या टेबलावरच्या प्रिंटरवर करून बघा. झाकण उघडं असतानाही १८च येत असेल, किंवा काहीच येत नसेल, तर डबीवर काहीही छापलेलं असो, हा प्रिंटर या कामाचा नाही. प्रिंटर पसंत करण्याआधी दुकानातच लॅपटॉप लावून ही चाचणी करण्याची सवय ठेवा.

वाचनाला टाइमआउट द्या, अर्धा ते एक सेकंद पुरे. शून्य बाइट परत आले तर ते 'ठीक' नव्हे. ते उत्तरच नव्हे.

पायरी ४: 'झालं का?' हा प्रश्न वेगळा

नेमकी इथेच गल्लत होते. बिल पाठवलं, लगेच १६ ४ १ विचारलं, १८ आले, म्हणून बिल छापलं असं गृहीत धरलं जातं. डीएलई ईओटी रांग सोडून उत्तर देते, त्यामुळे तिचं उत्तर फक्त त्या क्षणाचं असतं. अर्धं बिल अजून बफरमध्ये असू शकतं आणि रोल पुढच्या दोन ओळींनंतर संपू शकतो.

छपाई पुरी झाल्याची खूण हवी असेल तर प्रश्नही रांगेतच उभा राहिला पाहिजे. त्यासाठी जीएस आर: २९ ११४ १. कट करायच्या आज्ञेनंतर (२९ ८६ ६६ ०) हे तीन बाइट ठेवा. प्रिंटर आधीचं सगळं संपवून इथे पोचला की एक बाइट परत पाठवतो: कागद भरपूर असेल तर ०, संपत आला असेल तर ३. कागद मध्येच संपला तर प्रिंटर ऑफलाइन जातो, या आज्ञेपर्यंत पोचतच नाही आणि उत्तर येत नाही. इथे न आलेलं उत्तर हीच माहिती.

यापेक्षा चांगली सोय नव्या एपसन मॉडेलमध्ये आणि त्यांची नीट नक्कल करणाऱ्या काही प्रिंटरमध्ये असते. आज्ञा आहे २९ ४० ७२ ६ ० ४८ ४८ आणि पुढे तुमच्या पसंतीचे चार बाइट, ३२ ते १२६ मधले. मी तिथे बिल क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकतो. ०४२७ क्रमांकाचं बिल असेल तर ४८ ५२ ५० ५५. आधीचा मजकूर पुरा झाला की प्रिंटर सात बाइट पाठवतो: ५५ ३४ ४८ ५२ ५० ५५ ०. म्हणजे नुसतं 'झालं' नाही, तर 'चारशे सत्तावीस झालं'. रोल संपून दहा मिनिटांनी कोणी नवा घातला आणि बफरमधलं बिल तेव्हा पुरं झालं, तरी उशिरा आलेली ही पावती कोणाची ते कळतं. जीएस आरच्या एकट्या शून्यावरून ते कळत नाही.

पायरी ५: न विचारता सांगणारा प्रिंटर

जीएस ए, म्हणजे २९ ९७ १४, एकदा पाठवलं की ऑनलाइन-ऑफलाइन, बिघाड आणि कागद यांत बदल झाला की प्रिंटर चार बाइट तयार ठेवतो. गल्लाही हवा असेल तर १४ ऐवजी १५. आज्ञा मिळताच तो सध्याची स्थितीही सांगतो. पहिला बाइट एरवी १६ असतो. झाकण उघडलं की ५६ (८ ऑफलाइनचे, ३२ झाकणाचे). कागदाचं तिसऱ्या बाइटात: ३ संपत आला, १२ संपला.

याचा खरा उपयोग आउटची वाट तुंबते तेव्हा होतो. प्रिंटर ऑफलाइन आहे, त्याचं बफर भरलंय, तुमचं लिहिणं अडलंय. अशा वेळी डीएलई ईओटीचे तीन बाइटही त्याच बंद दारापाशी ताटकळू शकतात. पण इनची वाट वेगळी आहे. आधीच चालू केलेली सूचना तिथून येऊन पोचते. म्हणून प्रिंटर जोडला गेला की पहिलं काम हेच करा.

एक खाच आहे. बिलाच्या सुरुवातीला २७ ६४ पाठवून प्रिंटर 'कोरा' करण्याची सवय बहुतेकांना असते, नेटवरच्या प्रत्येक नमुन्यात ते असतंच. त्या दोन बाइटांनी ही स्वयंसूचनाही बंद होते. २७ ६४ च्या लगेच मागे २९ ९७ १४ लावा. लाइट जाऊन आली की तर पुन्हा लावावंच लागतं.

आता एकाच वाटेने तीन प्रकारची उत्तरं येणार, ती ओळखायची कशी? पहिल्या बाइटाचा १४७ शी बिटवार 'अँड' काढा. १८ आले तर डीएलई ईओटीचं उत्तर. १६ आले तर स्वयंसूचना, पुढचे तीन बाइट तिचेच. १९ आले तर ५५ सारख्या बाइटाने सुरू होणारा गठ्ठा, शून्य येईपर्यंत वाचा. जीएस आरचं उत्तर मात्र सूचनेच्या मधल्या बाइटांसारखं दिसतं, म्हणून बिलाची पावती सात बाइटांनी घेता येत असेल तर जीएस आर वापरूच नका.

मराठी बिलांची जादा काळजी

या प्रिंटरांच्या नेहमीच्या कोडपेजमध्ये (आतल्या अक्षरांच्या तक्त्यात) देवनागरी नसते. त्यामुळे मराठी बिल चित्र करूनच पाठवावं लागतं: २९ ११८ ४८ ०, मग रुंदी बाइटांत, उंची ठिपक्यांत, मग ठिपके. २०३ डीपीआयच्या ८० मिलिमीटर प्रिंटरवर ५७६ ठिपके, म्हणजे ओळीला ७२ बाइट.

गंमत अशी की त्या ठिपक्यांत योगायोगाने १६ ४ १ असे बाइट सलग आले, तर रांग सोडून ऐकणारा प्रिंटर त्याला प्रश्न समजतो आणि उत्तर देऊन बसतो. तुम्ही विचारलेलंच नसतं. १६ २० १ आले तर आणखी मजा, ती गल्ला उघडायची तातडीची आज्ञा आहे. काना-मात्रांच्या उभ्या रेघांमुळे एखाद्या दुकानाच्या नावापाशी गल्ला दर बिलाला आपोआप उघडू शकतो, आणि संशय विनाकारण काउंटरवरच्या माणसावर जातो.

उपाय दोन. गल्ल्याची ती तातडीची आज्ञा २९ ४० ६८ ३ ० २० १ ० ने बंद करता येते, प्रिंटर ऐकणारा असेल तर. त्याहून खात्रीचं म्हणजे पाठवण्याआधी चित्राचे बाइट चाळून १६ च्या मागे ४, ५ किंवा २० दिसला की त्या १६ चे २४ करायचे. एक काळा ठिपका वाढतो, कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. शिवाय न विचारलेलं डीएलई ईओटीचं उत्तर आलं तर वाचणाऱ्या थ्रेडने ते सरळ टाकून द्यावं.

चित्र अखंड पाठवू नका. शंभरेक ओळींच्या पट्ट्या करा, प्रत्येक पट्टीच्या लेखनाला टाइमआउट ठेवा. मध्ये अडलं तर नेमकं कुठे अडलं ते कळतं.

पायरी ६: बिलाच्या तीन अवस्था

डेटाबेसमध्ये बिलाला 'पाठवलं', 'छापलं' आणि 'शंका' अशा तीन अवस्था ठेवा. क्रम असा: इनची वाट वाचून रिकामी करा, १६ ४ १, १६ ४ २ आणि १६ ४ ४ विचारा, तयार नसेल तर काहीही न पाठवता 'झाकण नीट बसलेलं नाही' किंवा 'रोल संपलाय' असं स्वच्छ मराठीत दाखवा. तयार असेल तर 'पाठवलं' नोंदवा, बिल पाठवा, कट, आणि मागे पावतीची आज्ञा. ३० सेंटिमीटरचं बिल १५० मिलिमीटर प्रतिसेकंद वेगाने दोन सेकंदांत निघतं. स्वस्त प्रिंटर आणि चित्राचा वेळ धरून दहा सेकंद थांबा. पावती आली की 'छापलं', नाही आली की 'शंका'.

'शंका' असलेलं बिल प्रोग्रामने आपणहून पुन्हा पाठवायचं नाही. हा नियम मी कोणाच्याही आग्रहाखातर सैल करत नाही. स्वयंसूचना सांगते की रोल संपलाय, म्हणजे बफर शाबूत आहे आणि पावती उशिरा येईल, वाट बघा. प्रिंटरची वीज गेली किंवा केबल निघाली तर बफरचा भरवसा संपला. तेव्हा माणसाला विचारा: 'बिल ०४२७ पूर्ण बाहेर आलं का?' नाही म्हटलं तर त्याच क्रमांकाने पुन्हा छापा आणि वर 'दुबार प्रत' लिहा. नवा क्रमांक घेऊ नका. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलांचे क्रमांक सलग असावे लागतात.

कटर अडकल्यावर अडथळा काढून १६ ५ १ पाठवलं तर प्रिंटर अडलेल्या ओळीपासून पुढे चालू करतो, १६ ५ २ पाठवलं तर बफर पुसून मोकळा होतो. दुसरं पाठवलंत तर ते बिल 'शंका'तच ठेवा.

गल्ल्याचं थोडक्यात: २७ ११२ ० २५ २५० ने तो उघडतो (५० मिलिसेकंद झटका). उघडा की बंद हे पहिल्या प्रश्नातल्या ४ वरून कळतं, पण ४ म्हणजे उघडा की बंद हे गल्ल्याच्या मेकवर ठरतं. बसवताना गल्ला बंद करून एकदा विचारा आणि आलेली स्थिती सेटिंगमध्ये 'बंद' म्हणून ठेवा.

पायरी ७: मुद्दाम बिघडवून बघा

ग्राहकाकडे देण्याआधी लांब बिल सोडा आणि मध्येच झाकण उघडा. मग तेच रोल संपवून, मग प्रिंटरचा स्विच बंद करून, मग केबल उपसून. प्रत्येक वेळी बिलाची अवस्था काय झाली आणि स्क्रीनवर काय आलं ते बघा. पाठवलेला आणि आलेला प्रत्येक बाइट वेळेसह फाइलमध्ये नोंदवा. त्यातूनही उलगडा झाला नाही तर वायरशार्कने यूएसबीची वाहतूक पकडता येते. विंडोजवर यूएसबीची वीज वाचवणारी सेटिंग बंद करा, नाहीतर दुपारी शांतता असताना प्रिंटर झोपी जातो आणि चारच्या पहिल्या बिलाला उत्तर येत नाही.

खानावळीत दोन प्रिंटर असतात, एक काउंटरला आणि एक स्वयंपाकघरात केओटीसाठी (ऑर्डरच्या चिठ्ठीसाठी). केबल काढून लावली की एलपी० आणि एलपी१ यांची अदलाबदल होऊ शकते आणि गिऱ्हाइकाचं बिल भटारखान्यात निघतं. २९ ७३ ६८ विचारलं तर चांगला प्रिंटर आपला सिरियल क्रमांक देतो (९५ ने सुरू, ० ने संपतो), त्यावरून ओळखा. दोन्ही प्रिंटर एकच क्रमांक सांगत असतील, आणि स्वस्तातल्या जोडीत ते होतं, तर यूएसबीच्या कुठल्या पोर्टला कोण लावलंय त्यावरून ओळखायचं आणि त्या पोर्टवर मार्करने 'किचन' लिहून ठेवायचं.